मागचं पॅनल उचललंय? दाबू नका, चिकटवू नका, आहे तसा फोन घेऊन या

नमस्कार. मोबाइल दुरुस्तीच्या आमच्या दुकानातून हे पत्रक बिलासोबत देतोय, घरी गेल्यावर निवांत वाचा आणि घरात ज्याचा फोन दोन-तीन वर्षं जुना झालाय त्यालाही द्या.

काउंटरवर सध्या रोज दोन गोष्टी होतात. एक म्हणजे "दादा, फोन तर चांगलाय, फक्त ह्याच्यात ७००० ची बॅटरी टाकून द्या की". आणि दुसरी म्हणजे आतली बॅटरी फुगल्यामुळे मागून उचललेला फोन, जो घरीच फेविक्विक लावून, वर वही-पुस्तकांचा गठ्ठा ठेवून रात्रभर दाबून बसवलेला असतो. पहिल्या गोष्टीत फक्त बोलण्यात वेळ जातो, दुसरीत आमचा अख्खा दिवस जातो आणि तुमचे पैसे जातात. पण दोन्हीचं मूळ एकच आहे, फोनच्या आत मोकळी जागा किती असते ते, म्हणून आधी तेवढं सांगतो.

ज्यांनी नोकिया ११०० वापरलाय त्यांना आठवत असेल, २००३ चा फोन, वजन ८६ ग्रॅम, जाडी जवळपास २ सेंटीमीटर, आत बीएल-५सी बॅटरी ८५० एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप). बॅटरी फुगली की नाही हे बघायला आपण ती काढून टेबलावर भिंगरीसारखी फिरवायचो, फिरली तर फुगली, दुकानात जाऊन नवीन घ्यायची, झाकण लावायचं, विषय संपला. आता ती बॅटरी आत गमनं चिकटवलेली असते, तिच्यावर काचेचं किंवा प्लास्टिकचं पॅनल, तेही गमनंच. ८ मिलीमीटर जाडीच्या फोनमधून डिस्प्ले, फ्रेम आणि मागचं पॅनल वजा केलं तर बॅटरीला साधारण ५ मिलीमीटर उरतात. बॅटरी वापरात थोडीफार जाड होतेच, म्हणून कंपनी तिच्यावर अगदी थोडी मोकळी जागा सोडते. फोन जितका बारीक तितकी ही जागा सोडणं अवघड. सॅमसंग नोट ७ सगळ्यांना आठवतोय, २०१६ साली बाजारातून परत घ्यावा लागला, आणि जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने स्वतःच कारण सांगितलं, पहिल्या खेपेच्या बॅटरीत वरच्या कोपऱ्याला पाउचच्या, म्हणजे बाहेरच्या पिशवीच्या, आत पुरेशी जागा नव्हती म्हणून आतली पट्टी वाकली. एवढ्या मोठ्या कंपनीला जागेचा हिशोब महागात पडतो, तर आम्ही कटर घेऊन आत जागा करून द्यावी असं कुणी म्हटलं तर आम्ही नाहीच म्हणणार.

आता वजनाचं. "फोन जड आहे म्हणजे बॅटरी दणकट" हे अर्धंच खरं. ५००० एमएएचची बॅटरी साधारण ७० ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे २०० ग्रॅमच्या फोनमध्ये तिसरा हिस्सा तिचाच. बाकीचं वजन काच, फ्रेम, कॅमेरे ह्यांचं. एकाच मापाचा तुकडा घेतला तर स्टील ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड, टायटॅनियम दोघांच्या मधे, काच ॲल्युमिनियमपेक्षा थोडीशीच हलकी आणि प्लास्टिक काचेच्या निम्मं. म्हणून आयफोन १४ प्रो २०६ ग्रॅमचा आणि १५ प्रो १८७ ग्रॅमचा, बॅटरी उलट किंचित वाढलीय, फरक फ्रेमचा, स्टील जाऊन टायटॅनियम आलं. म्हणजे हातात घेऊन फोन तोलून बॅटरी कळत नाही.

बारीक फोनचं उलटं. २०२५ मध्ये सॅमसंगचा एस२५ एज आला, ५.८ मिलीमीटर, १६३ ग्रॅम, बॅटरी ३९००. त्याच घरातला एस२५ अल्ट्रा ८.२ मिलीमीटर, २१८ ग्रॅम, बॅटरी ५०००. बारीकपणाची किंमत बॅटरीतून दिलेली असते, शोरूममध्ये ते हातात छान वाटतं, संध्याकाळी सहा वाजता चार्जर शोधताना कळतं. दिवसभर बाहेर फिरणाऱ्या माणसाने बारीक फोन घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, नवीन फोन घ्यायच्या आधी विचारायला या, आम्ही नवीन फोन विकत नाही त्यामुळे जे आहे ते सांगतो.

मग ७००० ची बॅटरी? २०२० मध्ये सॅमसंग एम५१ मध्ये ७००० ची होती, फोन ९.५ मिलीमीटर जाड, २१३ ग्रॅम. २०२५ मध्ये विवो टी४ मध्ये ७३०० ची आली तरी फोन ८ मिलीमीटरच्या आत आणि २०० ग्रॅमच्या आसपास. हे बघूनच लोक म्हणतात की आता बॅटरी लहान झाल्यात, माझ्यातही बसेल. तर अशा नवीन फोनमध्ये सिलिकॉन-कार्बनवाला सेल (बॅटरीचा चार्ज साठवणारा भाग) असतो, तेवढ्याच जागेत जास्त चार्ज मावतो हे बरोबर आहे, पण तो फोन त्या सेलसाठी बनवलाय. कनेक्टर वेगळा, माप वेगळं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चार्जिंगचा व्होल्टेज वेगळा. जुने सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरायचे, आताचे ४.४५ किंवा त्याच्याही वर भरतात. ४.२ च्या सेलला ४.४५ पर्यंत भरत राहिलं तर आतलं द्रव्य सडायला लागतं, गॅस होतो आणि बॅटरी फुगते. बाजारात "डबल पॉवर" लिहिलेल्या बॅटऱ्या मिळतात, माप तेच, किंमत निम्मी, वर ६००० छापलेलं. आमच्याकडे सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा आहे, तुमच्यासमोर ठेवून दाखवतो, ५००० लिहिलेली बॅटरी ४५ ग्रॅम भरली तर छापलेला आकडा खोटा आहे, कारण तेवढ्या वजनात तेवढा चार्ज मावतच नाही. आम्ही बसवतो त्या बॅटरीवर बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) मार्क आणि आर पासून सुरू होणारा रजिस्ट्रेशन नंबर असतो, बसवायच्या आधी तुम्हाला दाखवतो, फोटो काढून घेतला तरी चालेल. म्हणून आमची बॅटरी दोन-तीनशे रुपयांनी महाग पडते, आणि सहा महिन्यांची वॉरंटी त्यामुळेच देता येते.

वारीच्या आधी दरवर्षी माळकरी मंडळी येतात, आळंदीपासून पंढरपूरपर्यंत अठरा-वीस दिवस चालायचं, चार्जिंगची सोय मिळेलच असं नाही, "मोठी टाका बाबा". माउली, त्यासाठी फोन उघडू नका, १०००० ची पॉवर बँक घ्या, वजन साधारण २०० ग्रॅम. फक्त एक लक्षात ठेवा, ५००० चा फोन त्यातून दोन वेळा पूर्ण चार्ज होत नाही, दीड वेळाच होतो. पॉवर बँकच्या आतला सेल ३.७ व्होल्टचा, केबलमधून ५ व्होल्ट जातात, फोनमध्ये परत कमी होतात, ह्या बदलाबदलीत आणि गरम होण्यात काही भाग जातोच. बिघाड नाही तो, त्यासाठी परत येऊ नका.

आता मुख्य गोष्ट, ज्याच्यासाठी हे पत्रक छापलं.

सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ वर जातो, फोन बाईकच्या होल्डरवर, मॅप चालू, वरून चार्जिंगही चालू. कंपन्या ३५ डिग्रीच्या आत वापरा असं लिहितात. कारखान्यावर यंत्रमागाच्या शेडमध्ये खिडकीत फोन चार्जिंगला लावून ठेवणारेही बरेच आहेत. असं दोन उन्हाळे झाले की बॅटरी फुगते आणि पॅनलला आतून ढकलते. बहुतेक अँड्रॉइडमध्ये मागचं पॅनल एका बाजूने उचलतं, बऱ्याच आयफोनमध्ये पुढचा डिस्प्ले उचलतो. कव्हर असल्यामुळे महिनोन् महिने कळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा कव्हर काढा, फ्रेम आणि पॅनलच्या मधे सगळीकडून नख फिरवून बघा, फट लागते का. फट दिसली की माणूस काय करतो? दाबतो. दाबल्यावर परत वर येतं, मग फेविक्विक.

ह्याच्यात काय होतं ते सांगतो. कंपनीचा गम गरम केला की मऊ पडतो, ७०-८० डिग्रीच्या हॉट प्लेटवर काही मिनिटं ठेवला की पिक (पातळ प्लास्टिकची पट्टी) सरकवून पॅनल निघतं. पण बॅटरी फुगलेली असेल तेव्हा आम्ही हॉट प्लेट वापरतच नाही, फुगलेल्या बॅटरीला उष्णता द्यायची नाही हा दुकानाचा पहिला नियम. मग कडेकडेनं आयपीए (गम सैल करणारं एक अल्कोहोल) थेंब थेंब सोडत, थांबत, सरकत पॅनल उघडावं लागतं, अर्धा-पाऊण तास लागतो पण निघतं. फेविक्विक असेल तर आयपीएने ते सुटत नाही. ॲसिटोनने सुटतं, पण ॲसिटोन प्लास्टिकची फ्रेम आणि रंग दोन्ही खातं. जास्त गरम केलं तर सुटेल, पण खाली फुगलेली बॅटरी आहे. म्हणजे तिन्ही रस्ते बंद, आणि राहतं ते पात्याने काच थोडी थोडी खरवडत काढणं, त्यात पॅनल जवळजवळ नेहमीच फुटतं. वर फेविक्विकची वाफ कॅमेऱ्याच्या काचेला आतून बसते, पांढरट थर येतो, मग फोटो धुरकट येतात आणि ते आम्ही केलं असं वाटतं.

मार्चमध्ये एक ताई आल्या, बारावीतल्या मुलाचा फोन, सगळे नोट्सचे फोटो त्यात. घरी चारही बाजूंनी फेविक्विक. साधं बॅटरीचं काम, पण सकाळी अकराला हातात घेतलेला फोन संध्याकाळी पाचला झाला, मागची काच गेली, बॅटरीखालची एक फ्लेक्स (कागदासारखी पातळ वायर) ताणली गेलेली तीही बदलली, बिल अडीच पट झालं. त्या माउलीने रागावून काही म्हटलं नाही, पण पैसे मोजताना त्यांचा चेहरा बघवला नाही, आणि त्याच रात्री हे पत्रक लिहायला घेतलं.

दाबण्याचंही तेच. फुगलेली बॅटरी म्हणजे गॅस भरलेली पिशवी, आत एकमेकांना लागू नयेत असे पातळ थर. दाबलं, वाकलं, टोचलं आणि ते थर एकमेकांना लागले तर धूर आणि आग. रबर बँड लावू नका, घट्ट कव्हर घालून दाबू नका, मागच्या खिशात ठेवून बसू नका. सुई टोचून गॅस काढायचे व्हिडिओ येतात, कृपा करून तसलं काही करू नका. फ्रीजमध्ये ठेवून बॅटरीचा फुगवटा उतरत नाही, उलट ओल धरते.

फट दिसली की एवढंच करा, चार्जिंग काढा, फोन बंद करा, कव्हर काढा, गादी-उशीपासून लांब फरशीवर किंवा ओट्यावर ठेवा आणि घेऊन या. "आधी फोटो कॉपी करून घेतो" म्हणून रात्रभर चार्जिंगला लावू नका, फोटोंची काळजी आम्हालाही आहे. जुनी बॅटरी काढल्यावर बरेच फोन आम्ही डीसी सप्लायवर (बॅटरीऐवजी बाहेरून वीज देणाऱ्या यंत्रावर) चालू करतो, तुमच्यासमोर फोटो दुसऱ्या फोनवर किंवा पेनड्राइव्हवर घेऊन देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

तुम्ही विचारता की शेजारी १० मिनिटांत बदलून मिळते, तुम्हाला दीड तास कशाला. कारण जुना गम पूर्ण साफ केल्याशिवाय आम्ही नवीन पॅनल बसवत नाही, नवीन गम लावल्यावर क्लॅम्प लावून फोन तसाच ठेवावा लागतो, घाईत दिला तर आठ दिवसांत कोपरा परत उचलतो आणि तेव्हाही तुम्ही आमच्याकडेच येता. एकदा उघडलेला फोन पाण्यापासून कंपनीइतका सुरक्षित राहत नाही, आम्ही नवीन पट्टी लावतो तरी पाण्याची गॅरंटी देत नाही, हे जॉब कार्डवर लिहून सही घेतो. फेविक्विक लावलेला फोन आला तर पॅनलची जबाबदारी आमची नाही हेही लिहितो आणि फोन एक दिवस ठेवून घेतो. ह्यावर वाद होतात, पण आधी सांगितलेलं बरं.

प्लास्टिक पॅनलवाल्या फोनचं काम स्वस्त आणि लवकर होतं, काचेच्या फोनचं महाग, कारण काच एकदा तडकलेली असेल तर उघडताना पूर्ण जातेच. तडा असेल तर तो आधी दाखवा.

जुनी बॅटरी परत मागू नका आणि घरी पडलेल्याही घंटागाडीत टाकू नका, गाडीत कचरा दाबला जातो आणि तिथेच आग लागू शकते. आमच्याकडे वाळूचा डबा ठेवलाय, कुठूनही घेतलेली असो, फुगलेली बॅटरी आणून द्या, पैसे घेत नाही, साठल्या की ई-कचरा नेणाऱ्यांना देतो.

पॅनलची फट आणि बॅटरीची तब्येत बघायचे पैसे नाहीत, भाजी आणायला निघालात तरी दोन मिनिटं थांबा. दुकान सोमवारी बंद असतं, पण फोन फुगलेला असेल तर सोमवारीही बाजूच्या जिन्याने वर या, घर वरच आहे, बेल वाजवा. काम मंगळवारीच होईल, पण फोन रात्रभर तुमच्या उशाशी राहण्यापेक्षा आमच्या वाळूच्या डब्यात राहू दे.