रँस: एका दिवसात दिसणाऱ्या शहरामागची आठशे वर्षे

पॅरिसहून पूर्वेकडे जाणारी अतिवेगवान रेल्वे २००७ मध्ये सुरू झाली आणि रँस पाऊण तासाच्या अंतरावर आले. तेव्हापासून सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांची इथे वर्दळ असते. कॅथीड्रल पाहायचे, शाम्पेनच्या एखाद्या तळघरात उतरायचे, की दिवस संपतो. पण या दिवसभरात जे ‘जुने’ रँस दिसते, त्यातला बराच भाग १९१८ नंतर उभा राहिलेला आहे. माझ्या मते हे शहर पाहण्यासारखे आहे ते यामुळेही.

रोमन काळात हे दुरोकोर्तोरुम होते. तिसऱ्या शतकातली तीन कमानींची ‘मार्सची वेस’ त्या काळाची खूण म्हणून अजून उभी आहे. पाचव्या शतकाच्या अखेरीस फ्रँकांचा राजा क्लोव्हिस याला बिशप रेमी यांनी इथे बाप्तिस्मा दिला, अशी परंपरा आहे. त्या आठवणीच्या बळावर फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक रँसलाच व्हावा असा संकेत रूढ झाला. १७ जुलै १४२९ रोजी सातव्या शार्लचा अभिषेक झाला, तेव्हा त्याला इथवर घेऊन आलेली जोन ऑफ आर्क जवळच उभी होती. शेवटचा अभिषेक १८२५ चा, दहाव्या शार्लचा.

आधीचे कॅथीड्रल १२१० च्या आगीत गेले आणि पुढच्याच वर्षी नव्याचा पाया घातला गेला. एवढ्या कामाला लागणारा पैसा शहराकडूनच येणार होता. १२३३ मध्ये करांनी त्रासलेल्या नागरिकांनी बंड केले, धर्मगुरूंना शहर सोडावे लागले आणि बांधकाम काही वर्षे थांबले. याच इमारतीत गवंड्यांनी खिडक्यांची एक नवी रीत आणली. तोवर दगडी भिंतीत भोके कोरून त्यात काच बसवत. इथे दगडाच्या बारीक पट्ट्यांची जाळी उभारून मधली सगळी जागा काचेला दिली. पुढे गॉथिक खिडकी युरोपभर याच वाटेने गेली.

पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर १९१४ मध्ये, जर्मन सैन्याने शहर काही दिवस ताब्यात ठेवले. मार्नच्या लढाईनंतर ते मागे हटले आणि जवळच्या टेकड्यांवरून तोफा डागू लागले. तेव्हा कॅथीड्रलमध्ये जखमी जर्मन सैनिकच गवतावर झोपवलेले होते, आणि उत्तरेकडच्या मनोऱ्याला दुरुस्तीसाठी लाकडी परांच्या बांधलेल्या होत्या. १९ सप्टेंबरला त्या पेटल्या. आग ओकाच्या छपरापर्यंत गेली, वरचे शिसे वितळले आणि पन्हळींच्या दगडी तोंडांतून ओघळले. दारावरच्या हसऱ्या देवदूताचे डोके खाली पडून फुटले. त्याचे तुकडे एका पाद्र्याने जपून ठेवले आणि युद्धानंतर ते जोडून डोके परत बसवले गेले. तोफांचा मारा १९१८ पर्यंत चालू राहिला. लोक खडूच्या दगडातल्या खोल तळघरांत राहिले, मुलांच्या शाळाही तिथेच भरल्या. युद्ध संपले तेव्हा शहराचा फार मोठा भाग ढिगाऱ्यात होता.

कॅथीड्रलच्या जीर्णोद्धाराचे काम आले वास्तुविशारद आंरी दनू यांच्याकडे. ते रँसचेच. छपराचा सांगाडा पुन्हा ओकाचा करण्याऐवजी त्यांनी सोळाव्या शतकातली, लहान तुकडे जोडून छप्पर उभारण्याची पद्धत घेतली आणि ते तुकडे प्रबलित काँक्रीटचे ओतले. सांध्यांना मात्र ओकाच्या पाचरी. हे छप्पर पेट घेणार नव्हते. अमेरिकेतल्या धनाढ्य रॉकफेलर यांनी मोठी देणगी दिली आणि १९३८ मध्ये कॅथीड्रल पूर्ण खुले झाले. २०१९ मध्ये पॅरिसचे नोत्र-दाम जळाल्यावर या काँक्रीटच्या छपराची पुन्हा चर्चा झाली. तिथे अखेर ओकच निवडला गेला. दनू यांचा निर्णय मला आजही धाडसी आणि योग्य वाटतो. त्यांनी जुन्याची नक्कल केली नाही आणि जुन्याला धक्काही लावला नाही.

शहराची पुनर्रचना १९२० च्या आराखड्यावर झाली. तो अमेरिकन नगररचनाकार जॉर्ज फोर्ड यांचा होता. घरांचे दर्शनी भाग, दुकाने, जाळ्या, सगळीकडे त्या दशकातली, भौमितिक नक्षीची आर्ट डेको शैली आली. १९२९ ची बुलँग्रँ मंडई तर स्थापत्याचा नमुनाच आहे: काँक्रीटचे पातळ कवच कमानीसारखे वाकवले आहे आणि आत मधोमध एकही खांब नाही. ही मंडई १९८० च्या दशकात बंद पडली, पाडण्याची भाषाही झाली. पुढे तिला संरक्षण मिळाले आणि २०१२ मध्ये तिथे पुन्हा बाजार भरू लागला.

दुसऱ्या महायुद्धात, ७ मे १९४५ रोजी, जर्मन सैन्याच्या शरणागतीवर रँसमधल्याच एका शाळेत सही झाली. १९६२ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर कॅथीड्रलमध्ये एकत्र प्रार्थनेला बसले. १९७४ मध्ये तिथल्या खिडक्यांना चित्रकार शागाल यांच्या निळ्या काचा आल्या, आणि २०११ मध्ये त्यांच्या दोन्ही बाजूंना इमी क्नोबेल या जर्मन चित्रकाराच्या. १९९१ पासून कॅथीड्रल, त्याला लागून असलेला ‘तो’ (Tau) नावाचा राजवाडा आणि सँ-रेमी मठ युनेस्कोच्या यादीत आहेत.

परतीच्या गाडीला वेळ असेल, तर कॅथीड्रलच्या मागच्या बाजूचे कार्नेगी वाचनालय चुकवू नये. १९२८ मध्ये उघडलेली ही वास्तू याच पुनर्बांधणीतली आहे, आणि तिथे आजही पुस्तके वाचायला मिळतात.