रात्री दहानंतरचा आवाज आणि परवानगी : मंडप-साउंड बुक करण्यापूर्वी वाचण्याचे माहितीपत्रक

‘परवानगीचं तेवढं तुम्हीच बघा’ असे सांगून ॲडव्हान्स ठेवून जाणारे ग्राहक आम्हाला दर मोसमात भेटतात. मंडप आणि साउंड आमचे असले तरी कार्यक्रम तुमचा असतो, अर्जावर सही यजमानाची किंवा मंडळाच्या अध्यक्षांची लागते आणि अटी मोडल्या तर पहिली विचारणाही त्यांच्याकडेच होते. म्हणून बुकिंगपूर्वी घरातल्या जाणत्या माणसाने हे पत्रक एकदा सावकाश वाचावे, ही विनंती.

ध्वनिक्षेपक लावायला दिवसादेखील लेखी परवानगी लागते, हे पुष्कळांच्या गावी नसते. केंद्र सरकारच्या ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ही ‘रात्र’ होय आणि या आठ तासांत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर ही मनाई वाद्यांनाही लागू झाली, त्यामुळे ‘आमच्याकडे डॉल्बी नाही, नुसता ढोल-ताशा आणि हलगी आहे’ हे उत्तर दहानंतर चालत नाही. सार्वजनिक आणीबाणी सोडली, तर याला सवलती दोनच. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत आतल्या आत आवाज ठेवता येतो. आणि सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ते १२ अशी दोन तासांची सूट देऊ शकते. हे दिवस सरकारने आधी जाहीर करायचे असतात. घरचे लग्न, हळद, बारसे किंवा वाढदिवस यांना ही उत्सवाची सूट मिळत नाही, आणि जास्त फी भरून रात्रभराची परवानगी काढण्याची सोय या नियमांत कुठेही नाही. तशी काढून देतो म्हणणारा कोणी भेटलाच, तर त्याला पैसे देण्याआधी आम्हाला एक फोन करावा.

बंदिस्त जागेविषयी थोडे अधिक सांगावे लागते, कारण सर्वांत जास्त वाद इथेच होतात. चारी बाजूंनी कनात बांधलेला आणि वर ताडपत्री ओढलेला मंडप बंदिस्त ठरत नाही. कापडाने उजेड अडतो, आवाज अडत नाही. मंगल कार्यालयाचे हॉल पक्के असले तरी उकाड्यामुळे दारे-खिडक्या सताड उघडी असतात, आणि मग बंदिस्त जागेची सवलत कागदावरच राहते. एप्रिल-मे मधले लग्न असेल आणि दहानंतर हॉलमध्ये संगीत हवे असेल, तर दारे लावून पंखे-कूलर पुरेसे आहेत का, हे कार्यालयाच्या मालकांना आधी विचारून घ्यावे.

अर्ज कार्यक्रमाच्या जागेनुसार करायचा असतो, यजमानाच्या राहत्या पत्त्यानुसार नव्हे. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी हा भाग बेळगाव पोलीस आयुक्तालयात येतो. खानापूर, निपाणी, चिकोडीकडे जिल्हा पोलिसांची हद्द लागते. कर्नाटक सरकारच्या मे २०२२ च्या परिपत्रकानुसार ध्वनिक्षेपकांच्या परवानगीसाठीच्या समितीत आयुक्तालयाच्या हद्दीत सहायक पोलीस आयुक्त आणि इतरत्र पोलीस उपअधीक्षक असतात, त्यामुळे ठाण्यात अर्ज दिला म्हणजे त्याच दिवशी कागद हातात पडेल असे धरून चालू नये. आम्ही ग्राहकांना किमान दहा दिवस आधी अर्ज करायला सांगतो. अर्जासोबत ओळखपत्राची प्रत, लग्नपत्रिका किंवा कार्यक्रमपत्रिका, जागामालकाचे संमतिपत्र अथवा हॉलच्या बुकिंगची पावती, आणि स्पीकर किती व कोणते याचा तपशील जोडावा. हा तपशील आम्ही आमच्या लेटरहेडवर देतो. रस्त्यावर मंडप घालायचा असेल तर महापालिकेची आणि वाहतूक पोलिसांची परवानगी वेगळी, तात्पुरत्या विजेसाठी हेस्कॉमचा (इकडच्या वीज कंपनीचा) अर्ज वेगळा, आणि कॅम्पातील मैदान असेल तर कँटोन्मेंट बोर्डाची संमती वेगळी.

अर्जाचा नमुना कन्नडमध्ये असतो. आपल्याकडच्या वयस्कर मंडळींना त्याचे दडपण येते. वास्तविक आपण ज्याला ध्वनिक्षेपक म्हणतो त्याला तिथे ‘ध्वनिवर्धक’ म्हणतात, एवढाच मुख्य फरक. आमच्या दुकानात अर्ज भरून देण्याचे पैसे घेतले जात नाहीत. मात्र आधारवरचे नाव, पत्रिकेतले नाव आणि अर्जातले नाव एकमेकांशी जुळते आहे ना, हे सही करण्यापूर्वी स्वतः पाहावे.

चंदगड तालुक्यातील ग्राहकांसाठी एक खास सूचना आहे. शिनोळी बेळगावहून हाकेच्या अंतरावर असले तरी ते महाराष्ट्रात आहे, आणि बेळगावात घेतलेली परवानगी तिथे चालत नाही. डेसिबलचे आणि रात्रीच्या वेळेचे नियम केंद्राचे असल्यामुळे दोन्हीकडे सारखेच आहेत. परंतु बारापर्यंतच्या सवलतीचे दिवस दोन्ही राज्ये आपापले ठरवतात, त्यामुळे सीमेच्या अलीकडे सूट असलेल्या रात्री पलीकडे ती असेलच असे नाही. वऱ्हाड इकडचे आणि मांडव तिकडचा असेल, तर परवानगी मांडवाकडच्या मंडळींनी काढावी.

परवानगी मिळाली म्हणजे आवाज कितीही ठेवता येतो, असा समज आहे. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे. व्यापारी भागात ती ६५ आणि ५५ आहे. खासगी जागेतील साउंडमुळे त्या जागेच्या हद्दीवर ही पातळी ५ डेसिबलपेक्षा जास्त वाढता कामा नये, म्हणजे निवासी वस्तीत संध्याकाळच्या कार्यक्रमाला कंपाउंडच्या भिंतीपाशी ६० भरले की मर्यादा संपली. आमचा मुलगा मीटर घेऊन त्या भिंतीपाशी उभा राहतो आणि हात वर करतो, तेव्हा मिक्सरवरचा माणूस मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचा मुख्य खटका, खाली ओढतो. त्या वेळी पाहुण्यांपैकी कोणी तो पुन्हा वर ढकलू नये. बेसची गोष्ट आणखी निराळी आहे. नियमातले मोजमाप माणसाच्या कानाला धरून बेतलेले असल्यामुळे खर्जाचा आवाज त्यात कमी भरतो, ६३ हर्ट्झला तर सुमारे २६ डेसिबलने कमी. परिणामी मीटर शांत दिसतो आणि शेजाऱ्यांच्या फडताळातली भांडी वाजत असतात. गल्लीत समोरासमोर भिंती असल्याने आवाज उघड्या माळासारखा विरत नाही, म्हणून दाट वस्तीत आम्ही बेसचे बॉक्स जोडत नाही. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रातील सुपारी आम्ही घेतच नाही.

दोन वर्षांपूर्वी एका वरातीत परवाना दहापर्यंतचा होता, पण नवरदेवाचीच गाडी साडेनऊला निघाली. दहा वाजून वीस मिनिटांनी ११२ वर कोणीतरी फोन केला आणि आमचा मिक्सर व दोन ॲम्प्लिफायर ठाण्यात जमा झाले. ते परत मिळेपर्यंत पुढच्या दोन ग्राहकांना आम्हाला भाड्याची सामग्री आणून द्यावी लागली. तेव्हापासून वरात असेल तर निघण्याची वेळ आम्ही बुकिंगच्या पावतीवरच लिहून घेतो.

यात्रेतल्या नाटकाचे दुखणे आम्हालाही कळते. पूर्वी गावच्या नाटकाचा पडदा रात्री अकराला वर जायचा आणि कोंबडा आरवेपर्यंत माणूस जागचा हलत नसे. आता माइकवरचे नाटक उघड्यावर करायचे तर ते संध्याकाळी साडेसहाला सुरू करावे, सत्कार आणि भाषणे आदल्या दिवशी उरकावीत, आणि नाटक मोठे असेल तर ते दोन रात्रींत विभागावे. काही गावांना आम्ही असे सुचवले आणि त्यांनी ते मानले.

परवान्याची प्रत कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी दुकानात पोचली नाही, तर आमची साउंडची गाडी गोदामातून निघत नाही. अशा वेळी मंडप आणि लायटिंग ठरल्याप्रमाणे येईल, साउंडचे भाडे बिलातून वजा होईल आणि त्याचा ॲडव्हान्स परत मिळेल. कार्यक्रमस्थळी नऊ पन्नासला आमचा ऑपरेटर यजमानांना एकदा येऊन सांगेल आणि दहा वाजता मेन स्विच बंद करील. त्या वेळी त्याच्याशी हुज्जत घालू नये, तो निर्णय त्याच्या हातात नसतो.