सिटिझन सूट: अमेरिकेतला नागरिकांचा पर्यावरण दावा

प्रदूषण करणाऱ्या कंपनीवर सरकारने कारवाई केली नाही तर साधा नागरिक किंवा एखादी संस्था स्वतः फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टात जाऊ शकते, त्या दाव्याला अमेरिकेत सिटिझन सूट म्हणतात. १९७० च्या क्लीन एअर ॲक्टमध्ये ही सोय पहिल्यांदा आली आणि १९७२ ला क्लीन वॉटर ॲक्टच्या कलम ५०५ मध्येही घातली गेली. आधी ६० दिवसांची नोटीस द्यायची, कंपनीला, राज्याला आणि ईपीएला म्हणजे केंद्राच्या पर्यावरण खात्याला, आणि तेवढ्यात सरकारनेच नेटाने केस चालवायला घेतली तर नागरिकाचा दावा टिकत नाही. दंड झाला तरी तो सरकारी तिजोरीत जातो, दावा करणाऱ्याला त्यातला एक डॉलर मिळत नाही, वकिलाचा खर्च मात्र कोर्ट देववू शकतं.

खरी अडचण राज्यघटनेची. कलम ३ प्रमाणे फेडरल कोर्ट फक्त खऱ्याखुऱ्या तंट्यात पडतं, म्हणजे तुमचं स्वतःचं काही नुकसान झालंय हे दाखवावंच लागतं. १९९२ च्या लुहान केसमध्ये सुप्रीम कोर्टाचे न्या. स्कॅलिया यांनी हे फार कडक केलं. त्यात परदेशातल्या प्राण्यांचा प्रश्न होता, इजिप्तमधली मगर, श्रीलंकेतला हत्ती आणि बिबट्या, आणि दावा करणारे तिथे जाऊन आलेले होते, पुन्हा कधीतरी जायचंय म्हणत होते. कोर्ट म्हणालं, 'कधीतरी' चालणार नाही.

मग २००० साली लेडलॉची केस आली आणि माझ्या मते या विषयात एकच निकाल वाचायचा तर हाच वाचावा. साउथ कॅरोलायनात रोबक इथे लेडलॉ कंपनीची घातक कचरा जाळायची भट्टी होती, तिचं सांडपाणी नॉर्थ टायगर नदीत जायचं आणि पाऱ्याची मर्यादा १९८७ ते १९९५ मध्ये ४८९ वेळा मोडली गेली. नागरिकांची ६० दिवसांची नोटीस मिळाल्यावर कंपनीच्या वकिलाने राज्याच्या खात्यालाच सांगितलं की आमच्यावर केस करा, दाव्याचा मसुदा त्यानेच लिहिला, कोर्ट फी पण त्यानेच भरली, आणि ६० दिवस संपायच्या आदल्या दिवशी १ लाख डॉलर दंडावर तडजोड झाली. असली कारवाई नेटाची नाही असं ठरवून जिल्हा कोर्टाने नागरिकांचा दावा चालू ठेवला आणि ४,०५,८०० डॉलर दंड केला. नदीचं नुकसान सिद्ध झालं नाही असंही त्याच कोर्टाने म्हटलं होतं, पण सुप्रीम कोर्टात न्या. गिन्सबर्ग यांनी ७ विरुद्ध २ निकालात लिहिलं की बघायचं ते नदीचं नाही, दावा करणाऱ्याचं नुकसान. जवळ राहणारा माणूस पाणी खराब असेल या रास्त भीतीने मासेमारी आणि पोहणं सोडतो, तेवढं पुरे.

राज्यघटनेच्या कलम २ चा प्रश्न मात्र तिथे सुटला नाही: कायदा राबवायचं काम राष्ट्राध्यक्षांचं, मग सरकारी दंडासाठी खाजगी माणसाने केस लढवायची की नाही? त्याच निकालात न्या. केनेडी यांनी हा अवघड प्रश्न आहे एवढं नोंदवून ठेवलं.

आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ च्या कलम १९ मध्येही ६० दिवसांच्या नोटिशीनंतर कुणालाही तक्रार करता येते. पण भारतात जनहित याचिकेमुळे 'तुमचं काय बिघडलं' हा प्रश्न एवढा आडवा येत नाही, अमेरिकेत तो पहिल्याच पायरीवर येतो.