इंग्रजीतील उभयान्वयी अव्यये

दोन शब्दांचा, पदबंधांचा किंवा वाक्यांचा परस्परांशी अन्वय लावणाऱ्या अविकारी शब्दांना मराठी व्याकरणात उभयान्वयी अव्यये म्हणतात. इंग्रजीत त्यांना कंजंक्शन ही संज्ञा आहे. कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात मराठी माध्यमाच्या मुलांना मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषा शिकाव्या लागतात. मराठी आर्यकुळातील आणि कन्नड द्राविडकुळातील असली, तरी वाक्ये जोडण्याच्या बाबतीत या दोघी एकमेकींना जवळच्या आहेत आणि वेगळी पडते ती इंग्रजी. म्हणून इंग्रजी अव्ययांचे प्रकार येथे या दोन भाषांच्या शेजारी ठेवून पाहणे सोयीचे ठरते.

इंग्रजीत समान दर्जाची वाक्ये जोडणारी मुख्य अव्यये सात मानतात: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट आणि सो. त्यांच्या आद्याक्षरांपासून ‘फॅनबॉइज’ हा पाठांतराचा शब्द बनवलेला आहे, मात्र त्यातील फॉर आता जवळजवळ केवळ ग्रंथातच आढळतो. मराठीतील प्रधानत्वसूचक अव्ययांशी हा गट साधारण जुळतो. तरीही अँडच्या जागी प्रत्येक वेळी ‘आणि’ येत नाही. ‘ही एट अँड स्लेप्ट’ याचे सहज मराठी ‘तो जेवून झोपला’ असे होते आणि कन्नडमध्येही ‘ऊट माडि मलगिद’ असेच म्हणतात. दोन्ही भाषांत पहिल्या क्रियापदाचे धातुसाधित होते आणि जोडणारा स्वतंत्र शब्द लागतच नाही. नामे जोडतानाही कन्नड प्रत्येक नामाला प्रत्यय लावू शकते, जसे ‘रामनू सीतेयू’; मराठीतील ‘रामही, सीताही’ ही रचना त्याच्या जवळ जाते.

दुसरा गट गौणत्वसूचक अव्ययांचा. बिकॉज, इफ, ऑल्दो, अनलेस, व्हेन, व्हाइल, सिन्स, दॅट इत्यादी अव्यये एका वाक्याला दुसऱ्याच्या आश्रयाला बसवतात. इंग्रजीत असे अव्यय गौण वाक्याच्या आरंभी येते. मराठी व कन्नड यांत जोड बहुधा गौण वाक्याच्या अखेरीस बसते. ‘पाऊस आला तर’ याला कन्नडमध्ये ‘मळे बंदरे’ आणि ‘पाऊस आला तरी’ याला ‘मळे बंदरू’ म्हणतात. दोन्हीकडे शेवटचा एक स्वर बदलला की अट संपते आणि विरोध सुरू होतो. इंग्रजीत मात्र त्यासाठी इफ आणि ऑल्दो किंवा ईव्हन इफ असे आरंभीचे शब्दच बदलावे लागतात. मराठीत ‘जरी’ आणि ‘तरी’ जोडीने येऊ शकतात, त्या सवयीने विद्यार्थी ‘ऑल्दो इट रेन्ड, बट वी वेंट टू खानापूर’ असे लिहितो. इंग्रजीत या दोहोंपैकी एकच अव्यय पुरे. अनलेसच्या पोटात नकार आधीच असतो, त्यामुळे ‘अनलेस यू डोन्ट कम’ असे लिहिल्यास अर्थ नेमका उलटतो.

बिकॉज आणि ‘कारण’ यांना समानार्थी मानणे पूर्णपणे बरोबर नाही. ‘बिकॉज आय मिस्ड द बस, आय वॉक्ड’ हे शुद्ध इंग्रजी आहे, पण ‘कारण बस चुकली, मी चालत आलो’ हे मराठी नव्हे. तेथे ‘बस चुकली म्हणून मी चालत आलो’ असेच म्हणावे लागते. वाक्याच्या आरंभी सरकण्याची क्षमता ही गौण वाक्याची ओळख धरली, तर ‘कारण’ हे अव्यय बिकॉजपेक्षा फॉरच्या जातीचे ठरते. ‘म्हणून’ हे ‘म्हणणे’ या क्रियापदापासून आले आहे. ‘येतो म्हणून सांगितले’ यातील त्याचे काम कन्नडमध्ये ‘अंत’ करते, आणि तेही ‘म्हणणे’ याच अर्थाच्या धातूचे रूप आहे: ‘बर्तेनि अंत हेळिद’. याउलट ‘त्याने सांगितले की येतो’ यातील ‘की’ फारसीच्या वळणाचा असून इंग्रजी दॅटप्रमाणे मुख्य वाक्यानंतर येतो, त्यामुळे दॅट शिकवताना ‘की’चा आधार घेणेच सोपे जाते.

आयदर–ऑर, नायदर–नॉर, बोथ–अँड, नॉट ओन्ली–बट ऑल्सो या जोडअव्ययांना विशेष स्पष्टीकरण लागत नाही; दोन्ही अंगांनंतर एकाच प्रकारची रचना यावी, एवढे पथ्य सांभाळायचे असते. नॉरने वाक्य सुरू झाले की साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते.

विरामचिन्हेही या भेदांना अनुसरतात. गौण वाक्य आधी आले की त्यानंतर स्वल्पविराम देतात. ते मागून आल्यास तो बहुधा लागत नाही. समान दर्जाची दोन पूर्ण वाक्ये बटने जोडताना बटच्या आधी स्वल्पविराम असतो. हाउएव्हर आणि देअरफोर यांचे भाषांतर ‘परंतु’ व ‘म्हणून’ असे होत असल्यामुळे ती उभयान्वयी वाटतात, पण इंग्रजी व्याकरणात ती क्रियाविशेषणे आहेत, आणि त्यांच्या आधीचे वाक्य अर्धविरामाने किंवा पूर्णविरामाने तोडावे लागते.