वाचन प्रेरणा दिन आणि शाळेतलं कुलूपबंद कपाट

ऑक्टोबर उजाडला की शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज सुरू होतात, वाचन प्रेरणा दिन घ्या, फोटो टाका, अहवाल द्या. मग कुणीतरी नवीन गुरुजी विचारतातच की हे नेमकं कधीपासून सुरू झालं. तर फार जुनं नाहीये. २७ जुलै २०१५ ला डॉ. अब्दुल कलाम शिलाँगला विद्यार्थ्यांसमोर बोलता बोलताच कोसळले आणि गेले, आणि त्याच वर्षी राज्य सरकारनं त्यांचा वाढदिवस, १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळायचं ठरवलं. कलाम आणि वाचन हा संबंध काही ओढूनताणून आणलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरमला गाडी थांबायची बंद झाली तेव्हा धावत्या गाडीतून पेपरचे गठ्ठे खाली टाकले जायचे आणि ते गोळा करून वाटायचं काम लहानग्या कलामांनी केलेलं. पोरांना रॉकेटपेक्षा हीच गोष्ट जास्त आवडते, स्वानुभव आहे.

पण माझ्या मते खरी पार्श्वभूमी त्याच्याही आधीची, कपाटातली. १९८७ ला केंद्राची खडू-फळा योजना आली, त्यात शाळेला दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्यासोबत पुस्तकंही द्यायची होती. पुस्तकं आली, शिक्के बसले, डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायमच्या सामानाच्या वहीत, नोंद झाली आणि तिथंच घोडं अडलं, कारण एकदा नोंद झाली की पुस्तक हरवलं तर जबाबदार कोण, तर गुरुजी. मग काय, कपाटाला कुलूप आणि किल्ली हेडसरांच्या खिशात. मी स्वतः लहानपणी ज्या शाळेत होतो तिथं कपाट वर्षातून एकदाच उघडायचं, तपासणीला, आणि डांबरगोळ्यांचा वास अख्ख्या व्हरांड्यात पसरायचा. पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटलेली, कोरी करकरीत!

पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, त्यात तर सरळ लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात पेपर, मासिकं, गोष्टीची पुस्तकं सगळं हवं. मासिक म्हटलं की आपल्याकडे बालभारतीचं ‘किशोर’, १९७१ पासून चालू आहे, पण तेही बऱ्याच ठिकाणी कपाटातच जायचं.

म्हणून मला १५ ऑक्टोबरचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठीच, की निदान त्या दिवशी कुलूप निघतं. बऱ्याच शाळांत दप्तराला सुट्टी असते. ग्रंथदिंडी निघते, पालखीत पुस्तकं, पुढे लेझीम, डोक्यावर तुळस घेतलेल्या नऊवारीतल्या पोरी, ही पद्धत आपण साहित्य संमेलनाकडून उचलली आणि साहित्य संमेलनानं वारीकडून. दिंडी छानच दिसते पण अर्धा दिवस त्यातच जातो, हे पण खरंय.

आमच्याकडे आता वर्गात आडवी सुतळी बांधलीय, तिला कपड्यांचे चिमटे लावून पुस्तकं टांगलीत, पहिलीतल्या पोराचाही हात पोचेल एवढ्याच उंचीवर. देवघेवीची वही चौथीची मुलं सांभाळतात. परवा सहज चाळली तर एका नोंदीपुढे पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘पान ७ आधीच फाटलेलं होतं, मी नाही फाडलं.’