लिलावाबाहेरच्या लहरी: सरकारी स्पेक्ट्रमची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार कायदा मंजूर केला. चर्चा रंगली ती फोन ऐकण्याच्या सरकारी अधिकारांवर आणि उपग्रहावरून येणाऱ्या इंटरनेटवर. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाकडे फारसं कुणी वळलं नाही. लिलाव न करता ज्यांना स्पेक्ट्रम, म्हणजे बिनतारी संदेशांसाठी लागणाऱ्या लहरींचे पट्टे, द्यायचा त्या कामांची यादी तिथे आहे: संरक्षण, आपत्ती व्यवस्थापन, हवामानाचा अंदाज, रेल्वे, मेट्रो, खाणींतली सुरक्षा, सार्वजनिक प्रसारण, सरकारी दूरसंचार कंपन्या वगैरे. वाचणाऱ्याला वाटेल, यात नवं ते काय? पोलिसांच्या वॉकीटॉकीसाठी लिलाव थोडाच होणार आहे! तरीही ही यादी कायद्यात लिहून काढावी लागली, कारण आधीची अकरा वर्षं सरकारला स्वतःच्याच कामासाठी लहरी देतानाही बिचकावं लागत होतं.

जुना इतिहास थोडक्यात आटोपता येतो. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा या दोन पायांवर सगळं उभं होतं. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणं हाच दुसऱ्या कायद्यानुसार गुन्हा. (त्याच्याही आधी, १९२७ पासून, खडकीतून संदेश थेट इंग्लंडला जात आणि तिकडचे दौंडला उतरत, पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांनाही हे सहसा माहीत नसतं.) १९५२ मध्ये वारंवारितांचं (फ्रीक्वेन्सींचं) नियोजन करणारी स्वतंत्र शाखा केंद्रात निघाली. पण लहरी वापरणारं सरकार, वाटणारंही सरकार. सेना, रेल्वे, पोलीस, आकाशवाणी, विमानतळ यांच्या गरजा खात्याखात्यांतल्या पत्रव्यवहारातून भागत. या लहरींची बाजारात किंमत किती, हा प्रश्न विचारायला बाजारच नव्हता.

तो बाजार १९९४-९५ मध्ये आला. मोबाइलचे परवाने दिले गेले आणि त्याच सुमारास, फेब्रुवारी १९९५ मध्ये, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. प्रश्न प्रसारणाचा होता, पण पुढे स्पेक्ट्रमच्या प्रत्येक वादात याच निकालाचा आधार घेतला गेला.

१० जानेवारी २००८ ला काय घडलं ते वाचकांना ठाऊक आहे. टूजी मोबाइल सेवेचे १२२ परवाने आणि त्यांसोबत स्पेक्ट्रम, प्रथम येणाऱ्यास प्राधान्य, देशभरासाठी १,६५८ कोटी रुपये हा २००१ चाच दर. २०१० मध्ये महालेखापरीक्षकांचा १.७६ लाख कोटींच्या तोट्याचा अंदाज आला आणि २ फेब्रुवारी २०१२ ला न्यायालयाने सगळे परवाने रद्द केले. या वाटपातल्या भ्रष्टाचाराच्या खटल्यात खालच्या न्यायालयाने २०१७ च्या डिसेंबरात सर्व आरोपींना निर्दोष सोडलं, हा भाग राजकीय भांडणात वारंवार येतो. आपल्या विषयाशी त्याचा संबंध कमी. खरी गुंतागुंत झाली ती २०१२ च्या निकालातल्या तर्कामुळे.

दुर्मीळ नैसर्गिक साधनसंपत्ती खासगी हातात देताना लिलाव हाच उत्तम मार्ग, असं त्या निकालाने सुनावलं. समोर खटला होता तो व्यापारी कंपन्यांना दिलेल्या स्पेक्ट्रमचा. पण तोवर ‘प्रशासकीय वाटप’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे व्यवहार चालत. एका व्यवहारात ग्राहकांकडून पैसे मिळवणाऱ्या कंपनीला रांगेतल्या नंबरानुसार स्पेक्ट्रम मिळे. दुसऱ्यात एखाद्या जिल्ह्याच्या पोलिसांना, धरणावरच्या कर्मचाऱ्यांना किंवा गॅसवाहिनीच्या देखभाल पथकाला, ठरावीक सूत्राने काढलेली रॉयल्टी (वापराचं शुल्क) घेऊन, एखादी वारंवारिता नेमून दिली जाई. निकालाने पहिल्याला फटकारलं आणि संशयाची सावली दुसऱ्यावरही पडली. राष्ट्रपतींनी मागवलेल्या सल्ल्यावर त्याच वर्षी २७ सप्टेंबरला घटनापीठाने खुलासा केला की सर्वच नैसर्गिक साधनसंपत्तीसाठी लिलाव ही घटनात्मक सक्ती नाही. पण स्पेक्ट्रमबद्दलचा आधीचा निकाल त्याने हलवला नाही.

म्हणजे कोळसा, जमीन वगैरेंबाबत मोकळीक आणि लहरींबाबत लिलाव, असा अर्थ अधिकाऱ्यांनी काढला, आणि माझ्या मते गरजेपेक्षा जास्त घाबरून काढला. चौकशीच्या फेऱ्यातून गेलेल्या खात्यात फाइलवर सही करायला कोण पुढे येणार? मोबाइल मनोऱ्यांना जोडणारे मायक्रोवेव्ह दुवेही वर्षानुवर्षं ‘तात्पुरत्या’ तत्त्वावरच दिले जात राहिले. २०२४ च्या एप्रिलमध्ये सरकार २०१२ च्या निकालाचा खुलासा मागायला पुन्हा न्यायालयात गेलं, तेव्हा न्यायालयाच्या निबंधकांनी तो अर्ज नोंदवूनसुद्धा घेतला नाही.

याच काळात सरकारी माहिती-तंत्रज्ञानाचे मोठे आराखडे कागदावर येत होते. २००६ च्या राष्ट्रीय ई-प्रशासन योजनेचे तीन खांब होते: राज्यव्यापी संगणक जाळी, राज्य डेटा केंद्रे आणि सामायिक सेवा केंद्रे. लहरींचा विचार या खांबांत नव्हता. भाड्याच्या तारा आणि गरज पडेल तिथे उपग्रहाची तबकडी हे गृहीतच होतं. संगणकाचं नियोजन एका खात्यात, लहरींचं दुसऱ्या, असा तो जुना दुभंग.

त्याची किंमत संरक्षण दलांच्या प्रकरणात दिसली. थ्रीजीसाठी पट्टे हवे होते आणि ते सैन्याच्या ताब्यात होते. मे २००९ मध्ये करार झाला: सैन्य काही स्पेक्ट्रम मोकळा करेल, बदल्यात त्याला देशभर स्वतंत्र ऑप्टिकल फायबरचं जाळं बांधून मिळेल. सुरुवातीचा ८,०९८ कोटींचा खर्च २०१२ मध्ये १३,३३४ कोटींवर गेला आणि २०१८ मध्ये २४,६६४ कोटींवर. संरक्षणासाठी वेगळा पट्टा आखून देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो २०१५ च्या जानेवारीत.

दुसरा झटका २०१९ च्या ऑक्टोबरात बसला. परवाना शुल्क ज्यावर आकारतात तो परवानाधारकाचा महसूल म्हणजे दूरसंचारातला महसूल की सगळाच, या वादात न्यायालयाने सरकारची व्यापक व्याख्या उचलून धरली. सरकारने त्याच व्याख्येचा बडगा स्वतःच्याच कंपन्यांवर उगारला. गॅस, तेल, वीजवहन यांत काम करणाऱ्या आणि मुख्यतः स्वतःच्या कामासाठी दूरसंचार परवाना बाळगणाऱ्या या कंपन्यांकडे मिळून सुमारे चार लाख कोटींची मागणी गेली. गॅस विकून आलेला पैसाही दूरसंचाराचा धरला, की असा आकडा निघतोच! न्यायालयाने जून २०२० मध्ये कान टोचले आणि आठवड्याभरात ९६ टक्के मागणी मागे घेतली गेली. सरकारी वापरकर्त्याला परवान्याच्या कोणत्या चौकटीत बसवायचं, हेच ठरलेलं नसल्याचा हा परिणाम.

या सगळ्या गदारोळात एक दार मात्र शांतपणे उघडलेलं होतं. २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला, आणि सरकारी कचेऱ्यांतलं वायफाय त्यावरच चालू झालं. त्याच वर्षी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झही मोकळा झाला. टोलनाक्यावरचा फास्टॅग याच पट्ट्यात वाचला जातो. त्यासाठी ना लिलाव लागला ना कुणाला कोर्टात जावं लागलं.

पोलीस आणि आपत्ती यंत्रणेसाठी ८०० मेगाहर्ट्झमध्ये १०-१० मेगाहर्ट्झची जोडी (एक संदेश पाठवायला, एक घ्यायला) मोफत राखून ठेवा, अशी शिफारस दूरसंचार नियामकाने (ट्राय) २०१८ मध्ये केली होती. रेल्वेचं काम आधी झालं. जून २०२१ मध्ये तिला ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ५ मेगाहर्ट्झ मिळाले, गाड्यांच्या सुरक्षेसाठी आणि सिग्नलसाठी. त्याआधी तीनच महिन्यांपूर्वी, मार्चच्या लिलावात, हाच पट्टा देशभरासाठी मेगाहर्ट्झमागे ६,५६८ कोटींच्या पायाभूत किमतीला मांडला होता आणि एकही बोली आली नव्हती. पुढच्या वर्षी दर उतरवल्यावर एका खासगी कंपनीने १० मेगाहर्ट्झ सुमारे ३९,२७० कोटींना उचलले. रेल्वेला मात्र स्वतःच्या वापरासाठी असलेलं रॉयल्टीचं जुनं सूत्र लागू झालं. लिलाव टाळून स्पेक्ट्रम कुणाला द्यायचा ते २०२३ च्या कायद्याने सांगितलं आहे. या दोन किमतींतल्या दरीबद्दल परिशिष्टात एक ओळही नाही.