फोर्ट रॉस: स्वयंसेवकांनी राज्याचे किती ओझे उचलायचे?

कॅलिफोर्नियातल्या फोर्ट रॉसला, म्हणजे आता राज्य उद्यान असलेल्या जुन्या रशियन ठाण्याला, गेलेल्या माणसाला तिथे जे भेटते, ते बरेचसे स्वयंसेवकांच्या हातचे असते. व्हिजिटर सेंटरमध्ये नकाशा उलगडून वाट दाखवणारे, उत्सवाच्या दिवशी दोनशे वर्षांपूर्वीचे कपडे घालून तोफ डागणारे, जुन्या फळबागेत छाटणी करणारे, यांतले फार थोडे जण पगारी आहेत. जमीन, इमारती, फाटकावरचे वाहनशुल्क आणि रेंजर मात्र राज्याचे. कामाची ही वाटणी कधी कोणी एका बैठकीत ठरवलेली नाही. ती शंभरेक वर्षांत होत गेली आणि २००९ नंतरच्या तीन-चार वर्षांत पार ढवळून निघाली. राज्याचे किती काम स्वयंसेवकांनी उचलायचे, यावर सध्या तिथे जो काही वाद ऐकू येतो, त्याची मुळे त्या वर्षांत आहेत.

रशियन काळ बहुतेकांना ढोबळमानाने माहीत असतो. अलास्कातल्या रशियन व्यापारी कंपनीने १८१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, समुद्रालगतच्या पठारावर हे लाकडी तटबंदीचे ठाणे उभारले. इव्हान कुस्कोव्ह या अधिकाऱ्यासोबत आलेल्यांत रशियन अवघे पंचवीसच्या आसपास होते आणि अलास्कातले मूलनिवासी सुमारे ऐंशी. समुद्री पाणमांजरांची शिकार हेच लोक करत, कातड्याच्या अरुंद होड्यांतून. ठाणे ज्या जागेवर उभे राहिले ते मेतिनी, म्हणजे तिथल्या मूलनिवासी काशाया पोमो लोकांचे गाव. शिकार काही वर्षांतच संपत आली. अलास्काला धान्य पुरवायचे, हा दुसरा हेतू किनाऱ्यावरच्या धुक्याने आणि उंदीर-घुशींनी पुरा होऊ दिला नाही. १८३९ मध्ये अलास्काच्या धान्याची सोय हडसन्स बे या ब्रिटिश व्यापारी कंपनीशी करार करून झाली, तेव्हा ठाण्याचे प्रयोजनच उरले नाही. १८४१ मध्ये ते सॅक्रामेंटोकडचा जमीनदार जॉन सटर याला ३०,००० डॉलरला विकले गेले. ही रक्कम मुख्यतः धान्याच्या रूपात फेडायची होती. रशियनांचा त्या जमिनीवरचा हक्क मेक्सिकोने कधीच मान्य केला नव्हता, त्यामुळे सटरने घेतले ते नेमके काय, यावर पुढे बरीच कज्जेदलाली झाली. गुरे, अवजारे आणि उचलून नेता येईल ते सगळे त्याने सॅक्रामेंटोकडे हलवले. मागे राहिले त्याचे पशुपालनाचे रँच झाले.

यानंतरची एक गोष्ट माहितीफलकांवर एखाद्या ओळीत उरकली जाते. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ही जागा सरकारने वाचवलेली नाही. १९०३ मध्ये इतिहासप्रेमी नागरिकांच्या एका संघटनेने लोकवर्गणीतून तटबंदीच्या आतला आणि भोवतालचा जेमतेम तीन एकरांचा तुकडा रँचच्या मालकाकडून घेतला आणि १९०६ मध्ये राज्याच्या नावे करून दिला. त्यामागचा विचार सरळ होता: खरेदीपुरता उत्साह लोकांकडे असतो, पण छप्पर दर पावसाळ्याआधी तपासायला कायमची व्यवस्था लागते आणि ती सरकारकडेच असते. राज्याची परीक्षाही लगेच पाहिली गेली. सॅन अँड्रियास भ्रंश, म्हणजे भूकंप घडवणारी जमिनीतली मोठी भेग, ठाण्याच्या अगदी जवळून जातो. त्याच वर्षीच्या एप्रिलमधल्या भूकंपात ठाण्यातल्या रशियन चर्चच्या भिंती कोसळल्या आणि छप्पर, मनोऱ्यांसकट, खाली बसले. दुरुस्ती व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला.

पुढची कितीतरी वर्षे राज्याने जागा राखली, पण फार जीव लावून नव्हे. किनाऱ्याचा महामार्ग थेट तटबंदीच्या आतून जात होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो बाहेरून वळवला गेला. त्याआधी, ऑक्टोबर १९७० मध्ये, चर्चला आग लागली. अलास्का सोडून उत्तर अमेरिकेतले हे पहिले रशियन ऑर्थोडॉक्स चर्च, आणि त्याची राख झाली. घंटा वितळली. तोच धातू वापरून बेल्जियममध्ये ती पुन्हा ओतून घेतली. आज चर्चबाहेर टांगलेली, कोणालाही दोरी ओढून वाजवता येणारी घंटा ती हीच. पुढच्याच वर्षी ठाण्याच्या शेवटच्या रशियन व्यवस्थापकाच्या घराच्या छपराला आग लागली. आतल्या इमारतींपैकी रशियन काळातली अस्सल म्हणावी अशी ही एकच उरली आहे. बाकी सगळ्या पुन्हा बांधलेल्या.

आगीनंतर चर्च परत उभारण्यासाठी धावून आले ते कॅलिफोर्नियातले रशियन वंशाचे लोक आणि आसपासचे रहिवासी. १९७३ मध्ये ते उभे राहिले. याच धडपडीतून नागरिकांची सल्लागार समिती निघाली आणि दशक संपायच्या आत एक नोंदणीकृत ना-नफा संस्थाही. तिचे काम लोकांना इतिहास समजावून सांगण्यापुरते आखलेले होते. १९८० च्या दशकात व्हिजिटर सेंटर झाले आणि त्यातले पुस्तकांचे दुकान संस्थेकडे आले. दुकानाच्या मिळकतीवर कार्यक्रम चालवायचे आणि राज्याने इमारती, रस्ते, नळ, पगार बघायचे, अशी ही घडी. ती पंचवीस-तीस वर्षे नीट बसली होती.

तिचे सगळ्यात चांगले फळ म्हणजे शाळकरी मुलांचा मुक्काम. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, मुले वाढवणाऱ्या मराठी वाचकांपैकी काहींना तो ठाऊक असेल. चौथी-पाचवीचा वर्ग एक रात्र तटबंदीच्या आत राहतो. कुस्कोव्हने १८२० आणि १८२१ मध्ये वस्तीतल्या माणसांच्या याद्या केल्या होत्या. मुले त्या काळातल्या माणसांची नावे घेऊन कोणी शिकारी होते, कोणी पहारेकरी, कोणी स्वयंपाकी. उघड्यावर चूल पेटवून सगळ्यांचे जेवण रांधायचे, रात्री पाळीपाळीने पहारा द्यायचा. पालकांना आधी शिकवणी घ्यावी लागते, कारण भूमिका त्यांनाही असतात. याद्या नीट वाचल्या की आणखी एक गोष्ट उघड होते: अलास्कातल्या कितीतरी शिकाऱ्यांच्या बायका काशाया होत्या. म्हणजे ‘रशियन किल्ला’ हे या जागेचे अपुरे वर्णन आहे आणि दहा वर्षांच्या मुलालाही ते एका रात्रीत कळते.

मे २००९ मध्ये ही घडी मोडली. मंदीने राज्याची तिजोरी रिकामी झाली होती आणि २७९ पैकी २२० राज्य उद्याने बंद करण्याचा प्रस्ताव पुढे आला. गदारोळ झाल्यावर सरसकट बंदी टळली, पण त्याऐवजी दिवस आणि माणसे कमी करण्यात आली. फोर्ट रॉसही आठवड्याचे सगळे दिवस उघडे राहीना. रशियाच्या राजदूतांनी गव्हर्नरला पत्र लिहिले. जून २०१० मध्ये रशियाचे अध्यक्ष सिलिकॉन व्हॅलीत आले असताना सॅन फ्रान्सिस्कोत एक करार झाला आणि एका बड्या रशियन उद्योगसमूहाने ठाण्याच्या देखभालीसाठी पैसा देण्याचे मान्य केले. एका अमेरिकी तेल कंपनीनेही हात दिला.

हा पैसा घ्यावा की नाही, यावर तेव्हा जे बोलले गेले त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले होते. एक, दाता परदेशी आणि राजकीय वजनाचा आहे, मग तो इतिहास आपल्या सोयीने सांगायला लावेल का? दुसरा, बाहेरचा पैसा आला की राज्य आपला हात काढून घेईल का? चर्चा पहिल्यावर जास्त झाली. मला दुसरा प्रश्न अधिक गंभीर वाटतो. पैसा घेण्याखेरीज तेव्हा मार्ग नव्हता, हे मान्यच. त्यातून ठाणे सावरले, जुन्या कोठाराची इमारत पुन्हा उभी राहिली, पवनचक्की आली. पण स्वयंसेवक आणि देणगीदार यांनी उत्सव, पुस्तके, मुलांचे मुक्काम यांच्यात भर घालायची, हा मूळ बोलीचा भाग होता. फाटक उघडायला माणूस नाही म्हणून देणगी शोधायची, हे त्या बोलीत कुठेच नव्हते. १९०६ मध्ये लोकांनी जागा राज्याला दिली ती नेमके हेच करावे लागू नये म्हणून.

२०११ मध्ये पुन्हा बंद करायच्या ७० उद्यानांची यादी निघाली आणि त्याच वर्षी नवा कायदा झाला: राज्याला ना-नफा संस्थांशी करार करून २० पर्यंत उद्याने त्यांना पूर्णपणे चालवायला देण्याची मुभा मिळाली. याच सोनोमा काउंटीतले जॅक लंडन उद्यान २०१२ मध्ये असे सोपवले गेले. कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. स्थानिक संस्था निर्णय लवकर घेते, लोक तिला मनापासून पैसे देतात आणि कुलूप लागण्यापेक्षा हे कधीही बरे. पण शौचालयाची टाकी, कड्यावरची धूप, खाऱ्या वाऱ्याने दर काही वर्षांनी कुजणारे तटबंदीचे खांब यांवर देणगी मिळत नाही. त्या खर्चाला नाव लावून घ्यायला कोणी पुढे येत नसते.

आणि मग जुलै २०१२. ठाण्याच्या द्विशताब्दीची तयारी ऐन भरात असताना बातमी आली की उद्यान विभागाने दोन निधींमध्ये मिळून सुमारे ५.४ कोटी डॉलर वर्षानुवर्षे अर्थखात्याला न दाखवता ठेवले होते. विभागप्रमुखांना पायउतार व्हावे लागले. राज्यभर ज्या लोकांनी केक विकून, पावत्या फाडून उद्याने उघडी ठेवली होती, त्यांतल्या काहींनी देणग्या परत मागितल्या. त्या पैशातला मोठा वाटा कच्च्या रस्त्यांवरच्या वाहनांसाठी राखलेला होता, त्यामुळे तो सगळा उद्यानांना मिळाला असता असे नाही. हे स्पष्टीकरण बरोबर आहे, पण दोन-तीन वर्षे फुकट राबलेल्या माणसांपुढे ते कोणाच्याने मांडवेना. फोर्ट रॉसचा सोहळा महिनाअखेरीस थाटात पार पडला. स्वयंसेवक आपापल्या जागी हजर होते.

त्या रशियन उद्योगसमूहाचा मालक एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकी निर्बंधांच्या यादीत गेला. फेब्रुवारी २०२२ नंतर तर रशियन पैशाचे नावही काढण्याची सोय राहिली नाही. मोठ्या दात्यावर विसंबलेली व्यवस्था अशी एका दिवसात लंगडी पडू शकते, आणि अशा वेळी पुन्हा स्वयंसेवकांकडेच पाहिले जाते. तोफेपाशी उभे राहायचे तर दारूगोळ्याचे सरकारी प्रशिक्षण पुरे करावे लागते. बागेतली काही झाडे रशियन काळातली मानली जातात, त्यांच्या छाटणीला जाणता हात लागतो. सर्वांत जवळच्या जेनर गावातून यायचे म्हटले तरी अठरा किलोमीटरची घाटवळणे आहेत. हे सगळे करणारी माणसे वयाने वाढत आहेत.

दरम्यान काशाया लोकांनी २०१५ मध्ये ठाण्याच्या उत्तरेला सुमारे ७०० एकर किनारा संवर्धन संस्थांच्या मदतीने परत मिळवला. दीडशेहून अधिक वर्षांनी त्यांना समुद्रापर्यंतची स्वतःची वाट मिळाली. ठाण्यातल्या उत्सवांत त्यांचे नृत्य आणि त्यांचे सांगणे याआधीपासून आहे. आता व्हिजिटर सेंटरमध्ये कोणता काळ किती जागा घेणार, हे ठरवताना शेजारी म्हणूनही त्यांचे म्हणणे ऐकावे लागेल. राज्य आणि संस्था यांच्यातल्या करारात देखभालीचा कोणता खर्च कोणत्याही मंदीत राज्याचाच राहील, हे कलमवार लिहून घ्यावे, अशी मागणी मात्र २०१२ पासून होती तिथेच आहे.